शमिकाचे शनिवार आणि देवाचं मशीन

साहेब, तुम्ही एका मुलीचे शनिवार पळवलेत. चोरी म्हटलं असतं, पण चोर निदान जिवावर उदार होऊन कौलं उचकटतो. तुम्ही खुर्चीतून न उठता, पंख्याखाली बसून पळवलेत. तो पंखाही खर्रखर्र वाजतो, मी आलो तेव्हा ऐकलाय. बेअरिंग गेलंय त्याचं. मी फुकट बदलून दिलं असतं. आता देणार नाही.

तुमचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तुम्ही खुलासा पाठवणार, त्यावर मी खुलासा पाठवणार आणि मूळ गोष्ट बसणार उन्हात वाळत. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचावं. फजिती माझीच आहे आणि मी ती झाकून ठेवणाऱ्यातला नाही.

मी हरिश्चंद्र. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप, जे जे जळतं ते माझ्याकडे येतं. शाळा मला नववीत सुटली. मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. त्यापुढचं सगळं, तांब्याची तार गुंडाळण्यापासून पेपरात पत्रं लिहिण्यापर्यंत, माझं मी शिकलो. माझी पत्रं सोसायटीत वाचली जातात आणि वाचल्यावर लोक मला जिन्यात टाळतात. याला मी प्रभाव म्हणतो.

तर तुमच्या योजनेची जाहिरात आली. गावोगावच्या होतकरू मुलांना एकेक मार्गदर्शक हवा. दर शनिवारी भेटायचं, चार गोष्टी शिकवायच्या. खाली ठळक अक्षरात, ‘समाजाचं समाजाला परत द्या.’ समाजाचे कितीतरी मिक्सर माझ्या फळीवर दुरुस्त होऊन पडलेत. परत द्यायला मी एका पायावर तयार आहे, न्यायला समाज येत नाही. तरी म्हटलं, देऊ.

घरी सांगितलं तर बायको भांडं घासता घासता थांबली. “मार्गदर्शक? तुम्ही? आरे-वारेच्या किनाऱ्याला सरळ रस्ता जातो. त्या सरळ रस्त्यावर चुकून तुम्ही आम्हाला कुणाच्या तरी बारशात नेऊन बसवलंत. जेवून आलो आपण तिथे.”

“जेवण चांगलं होतं,” मी म्हणालो.

“पाळण्यातल्या मुलाचं नाव अजून मला माहीत नाही!”

समोरच्या फ्लॅटमधले गुरुप्रसादराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून सल्ला हा एकच व्यवहार करतात. ते दार उघडं दिसताच आत आले. “हरिश्चंद्र, ऐका. मुलांना रागावायचं नाही. कौतुकही फार करायचं नाही. हसायचं नाही, त्यांना वाटतं आपल्याला हसले. आणि गंभीर बसायचं नाही, मुलं घाबरतात.”

“मग तोंडाचं करायचं काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी तत्त्व सांगितलं.”

अर्जाला दोन प्रतिष्ठितांची शिफारस लागत होती. एक यांचीच घेतली. यांनी लिहिलं, ‘अर्जदार माझ्या परिचयाचे आहेत. त्यांनी माझा मिक्सर दुरुस्त केला. तो चालतो, मात्र आवाज येतो.’ माणसाच्या चारित्र्याबद्दल इतकं मोजून मापून बँकवालाच लिहू शकतो. आणि साहेब, त्याच अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी ‘नववी’ असं स्वच्छ लिहिलं होतं. हे ध्यानात ठेवा. मी पुढे तुम्हाला विचारणार आहे.

तुमच्या प्रशिक्षणाला गेलो. आम्ही मोठी माणसं गोल उभी राहून एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकत स्वतःचं नाव सांगत होतो. माझ्याकडे गुंडा आला तेव्हा सवयीने मी तो नीट गुंडाळून ठेवला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “जाळं करायचं होतं, जाळं!” जाळं करणारे कोळी पूर्णगडला भेटतील, बाई. मी वाइंडिंगवाला आहे.

मग एका शनिवारी शमिका आली. आठवीतली. शहरापासून बरंच आत, सड्यावरच्या एका वाडीतली. सडा म्हणजे नुसता कातळ, झाड नाही की सावली नाही. बाप सर्वेश मुंबईत कामाला, शेती आणि घर आईच्या अंगावर. आई दर्शना पहिल्या दिवशी सोबत आली. दुकान खालून वर बघितलंन, मला खालून वर बघितलंन आणि विचारलंन, “संस्थेचा कागद हाय ना?”

कागद दाखवला.

“मग येल ती. पण काका, एक सांगत्ये. हिच्या पपांचा म्हणणा हाय, दहावी झाली की मुंबईला काकीकडं. काकीला घरात मदत होईल. हिला आयटीआय करायचाय. मला नुसत्या बोलण्यावर नवऱ्याशी भांडता येत नाय. हिच्या हातात कायतरी आलेला दिसला पायजे, मग मी बघत्ये त्यांच्याकडं.”

साहेब, तुमच्या अख्ख्या पुस्तिकेत नसलेला उद्देश त्या बाईने उंबऱ्यात उभं राहून सांगितला.

पुस्तिकेतला पहिला पाठ होता ‘स्वप्नांचं झाड’. झाड काढायचं, पानापानावर एकेक स्वप्न लिहायचं. शमिकाने हापूसचं कलम काढलं, अगदी हुबेहूब, बुंध्याला चुना लावलेला. पानं कोरी.

“स्वप्नं कुठायत?”

“काका, मोहोर आल्याशिवाय कसा सांगू? थंडी पडली तर धरंल.”

मी पुस्तिका मिटली. तिची नजर केव्हाची टेबलावरच्या उघड्या मोटरवर होती. “ह्या तारेचा दुसरा टोक कुठं जातो?” तिने विचारलं. त्या प्रश्नापासून आमचे शनिवार सुरू झाले. पुढच्या शनिवारी ती पंखा उघडायला शिकली, त्याच्या पुढच्या शनिवारी बंद करायला. बंद करणं जास्त अवघड असतं. शेवटी एखादा स्क्रू हातात उरतो आणि तो कुठला हे देवालाही सांगता येत नाही. हे वाक्य मी तेव्हा सहज बोललो होतो.

मग तुमचं फर्मान आलं की मार्गदर्शक आणि मूल यांनी मिळून गावाच्या उपयोगाचा एक उपक्रम करावा आणि फोटो पाठवावा. गुरुप्रसादराव म्हणाले, “झाड लावा. एक खड्डा, एक फोटो. कुणाला त्रास नाही.” वाडीत कातळ आहे हे सांगितल्यावर म्हणाले, “मग कुंडीत लावा.”

शमिका म्हणाली, “देवळातला मशीन दुरुस्त करूया.”

हे मशीन म्हणजे आरतीचं मशीन. बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा आपोआप वाजतात. वाडीतली निम्मी माणसं मुंबईत, आरतीला वाजवायला हात नाहीत, म्हणून मुंबईच्या मंडळाने ते देवाला दिलं. ते वर्षभर वाजलं आणि मोटर जळली. मंडळाचा कुणीतरी जाणकार येऊन बघून गेला आणि ‘शंभर टक्के निकामी’ म्हणाला. तेव्हापासून त्यावर देवाची ओली वस्त्रं वाळत. शिमग्याला सर्वेश येणार होता. तोवर लेकीने मशीन चालू केलं तर दर्शनाला भांडायला हत्यार मिळणार होतं. मी म्हटलं, चल.

देवळात वाडीचे मानकरी केरूबुवा बसलेले. म्हणाले, “दुरुस्त करा, बेस हाय. पण देवाच्या वस्तूला हात लावायचा मंजे कौल घेतल्याबिगर नाय.”

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गुरव ओल्या कळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्ही चिकटून राहिल्या तर पडेपर्यंत सगळ्यांनी बसायचं. उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही.

धोंडू गुरवाने कळ्या लावल्या. केरूबुवांनी हात जोडले. “बा देवा, हे रत्नागिरीचे काका आणि आमची पोर मिळून तुझा मशीन उघडतील तर चालंल काय, आणि शिमग्याच्या आत होईल काय, आणि मुंबईचा मंडळ रागावणार तर नाय ना?”

डावी पडली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. देवाच्या दरबारात, वाडीसमक्ष, नापास! नववीत गुरुजींनी केलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. मी चपला शोधू लागलो.

“थांबा हो काका,” धोंडू गुरव म्हणाला. “बुवा, तुमी तीन गोष्टी एका दमात इचारलात. देवाने तिसऱ्याचा उत्तर दिलान. मंडळ रागावणार नाय.”

“आसा व्हय?” केरूबुवा म्हणाले आणि प्रश्न सुटे करून पुन्हा विचारले. एकेकाला उजवी पडली. जेवायच्या आत देवाने मला पास केलं. तुम्ही मागितलेला चारित्र्याचा दाखला, साहेब, तेव्हाही कुठल्या तरी टेबलावर झोपलेला होता.

मोटर दुकानात आणली. शमिकाने जळकी तार काढली, नवी भरली. वेढे ती मोठ्याने मोजायची आणि मध्येच गिऱ्हाईक आलं की त्याला हाताने ‘थांबा’ करायची. माझ्या दुकानात गिऱ्हाईक इतकं गप्प कधी उभं राहिलं नव्हतं. काम चोख झालं. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक करायचं नाही, हे गुरुप्रसादरावांचं तत्त्व आहे.

गोंधळ झाला तो मोटर देवळात परत बसवताना, पुल्यांवरून. मोटरच्या दांड्यावर एक पुली, नगाऱ्याच्या दांड्यावर दुसरी, दोन्हींवर एक पट्टा. एक लहान, एक मोठी. लहान मोटरवर बसवली की नगारा सावकाश वाजतो. मोठी बसवली की पळत सुटतो. मी लहान उचलली, तोच केरूबुवा म्हणाले, “नक्की का?”

“शंभर टक्के.”

झालं! तोंडातून नको तो शब्द गेला. “मंडळाच्या मानसानेपन शंभर टक्के सांगितलान हुता,” केरूबुवा म्हणाले. “धोंडू, कळ्या आण.”

“अहो बुवा, हा विज्ञानाचा प्रश्न आहे!”

“मग देवाला काय जड हाय?” धोंडू गुरव म्हणाला.

देवाने मोठी सांगितली. मोठीला स्वच्छ उजवी पडली, वाद घालायला जागाच नाही. शमिका माझ्याकडे बघत म्हणाली, “काका, आता?”

मी भित्रा नाही. मी पेपरात पत्रं लिहून मोठमोठ्यांची झोप उडवलीय. पण देवळात राहून गुरवाशी वैर करता येत नाही, आणि मनात म्हटलं, एकदा चालवून दाखवू, यांना कळेल, मग बदलू. मोठी बसवली आणि म्हणालो, “धोंडू, बटण दाब. चाचणी घेऊ.”

धोंडू गुरवाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “देवाच्या आधी? काका, नैवेद्य कोन आधी चाखून बघतो काय? पयली आरती देवाची. चाचनी मागनं.”

मी पाना पिशवीत टाकला.

आणि त्याच संध्याकाळच्या आरतीला, साहेब, आपण आलात. उपक्रमाची पाहणी करायला, मोबाइल काठीला लावून. शिमग्यासाठी मुंबईकर उतरलेले, देऊळ भरलेलं. सर्वेश पुढच्या रांगेत हाताची घडी घालून उभा. दर्शनाने शमिकाला नवा ड्रेस घातलेला. केरूबुवांनी नारळ फोडला, आपल्याला मानाचा पेढा दिला. तो आपण हातात धरून चित्रीकरण करत होतात, आठवतं? शमिकाने बटण दाबलं.

पहिल्या क्षणी आनंदाची आरोळी उठली. दुसऱ्या क्षणी नगारा सुटला. वळवाच्या पावसात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. झांजा एकमेकींना चावत होत्या, घंटा दिसेनाशीच झाली. आणि वाडी अशी शिस्तीची की मशीनच्या मागे कुणी राहायला तयार नाही. केरूबुवांनी आरती धरली ती मशीनच्या वेगाने. पहिलं कडवं एका श्वासात गेलं. दुसऱ्याला म्हाताऱ्या बायका नुसता शेवटचा शब्द म्हणू लागल्या. तिसऱ्याला सगळे नुसते टाळ्या वाजवत, तोंडाने ‘ह्या ह्या ह्या’ करत होते. ओवाळणाऱ्या धोंडूच्या हातातलं ताट पंख्यासारखं फिरत होतं.

“बंद कर गो!” दर्शना ओरडली.

“मधी बंद करता येत नाय, आरती हाय!” धोंडू ओरडला.

तेवढ्यात नगारा बडवणारं एक टिपरू निसटलं. केरूबुवांच्या कानावरून गेलं, खांबाला लागलं आणि थेट आपल्या हातातल्या पेढ्यावर येऊन बसलं. आपल्याला खरचटलंसुद्धा नाही. पेढा मात्र गेला. आपल्या शर्टावर, आपल्या चष्म्यावर आणि काठीवरच्या मोबाइलवर सारखा वाटला गेला.

आरती संपली. सगळे धापा टाकत खाली बसले. मी सर्वेशकडे बघितलं. म्हटलं, गेली पोर काकीकडे. सर्वेश उठला, मशीनपाशी गेला, मोटरला हात लावून बघितलं. “गरम झाली नाय,” तो म्हणाला. मग लेकीकडे वळला. “तू भरलीस तार?”

“व्हय.”

“सगळी?”

“काकांनी नुसता बघितला.”

सर्वेश माझ्याकडे आला. “मंडळाच्या मानसाने हात टेकलेनीत काका, आणि ही आमची...” नाक ओढून म्हणाला, “जाऊ दे तिला शनिवारी. पन संस्थेचा कागद हाय तवर. नायतर परक्याच्या दुकानात वयात येनारी पोर कशी पाठवू? वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट कशाला वाटेल? बाप आहे तो. विचारलंच पाहिजे. न विचारणाऱ्या बापाचा मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी वाडीने कौल घेतला, पुल्या बदलू का? डावी. पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. धोंडू गुरव म्हणाला, “देवाला लवकर आटपलेला आवडला. रोज उभा राहून त्याचेपन पाय दुखत असतील.” तेव्हापासून वाडीत आरती तशीच होते. पोरं एकही दिवस चुकवत नाहीत. पूर्वी बोलावून यायची नाहीत.

असं सगळं मार्गी लागलं आणि आपलं पत्र आलं. ‘सदर मार्गदर्शक पदवीधर नसल्याने त्यांची नेमणूक रद्द करण्यात येत आहे. उपक्रम पुस्तिकेबाहेरील आहे. मुलीचा कल नेतृत्व व सादरीकरण यांकडे वळवावा.’ आणि शमिकाला पुण्याच्या एक मार्गदर्शिका दिल्यात, व्हिडिओ कॉलवर. बाई भल्या असतील, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण वाडीत रेंज नाही, साहेब. शमिका शनिवारी भर उन्हात सड्याच्या टोकाला जाऊन, मोबाइल डोक्यावर धरून उभी राहते. मध्येच चित्र येतं. पाठ पहिला, स्वप्नांचं झाड. तिने पुन्हा कलम काढलं, असं दर्शना म्हणाली. ह्या वेळी बुंध्यापासून तोडलेलं.

गुरुप्रसादराव म्हणाले, “सोडा हो. मोठ्यांच्या नादी लागू नये. हे पण तत्त्वच आहे.” बायको मात्र भांडं घासायची थांबली. “सोडताय कसले? बारशाला बोलावलं नव्हतं तरी जेवून आलात. इथे तर बोलावून पानावरून उठवलंय. जा की कचेरीत!”

आलो. बाकावर बसलो, आपला पंखा ऐकला. शिपाई म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. पुन्हा आलो, साहेब दौऱ्यावर. एकदा तर आत आपण फोनवर हसत होतात आणि शिपाई मला, साहेब नाहीत, असं सांगत होता. लाजला बिचारा.

शेवटी वाडी देवळात बसली. ह्या खेपेला केरूबुवांनी एकच प्रश्न विचारला, सरळ. “शमिकाला शनिवारी काकांच्या दुकानात पाठवू काय?” गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पडली. दर्शनाने तिथूनच, रेंज शोधत सड्याच्या टोकाला धावत जाऊन, सर्वेशला फोन लावला. तो म्हणाला, “देवाचा सगळा मान्य. पन उद्या कोन काय बोलला तर देव येनार काय साक्षीला? कागद आना.”

आता कळलं, साहेब, तुम्ही कुठे जाऊन बसलात ते? देवाने हो म्हटलं, आईने म्हटलं, बापाने म्हटलं. अडलंय ते तुमच्या सहीवर. दहावीला दोनच वर्षं आहेत आणि काकी मुंबईत वाट बघतेय. मी नववी आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माणसं कमी पडत होती तेव्हा नववी चालली. पेढा उडाला आणि पदवी आठवली. तसं नसेल तर तसं लिहून कळवा, मी छापून आणीन.

आणि उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं असेल तर तेही ऐका. कळी पडली नाही की आम्ही उठून जात नाही. येत्या शनिवारी केरूबुवा, धोंडू गुरव, दर्शना, शमिका आणि अख्खी वाडी टेम्पोत मशीन घालून तुमच्या दारात येणार आहे. देवाला विचारून झालंय. उजवी पडली. तुमच्या केबिनबाहेर प्लगपॉइंट आहे, मी बघून ठेवलाय. पुल्या बदललेल्या नाहीत. टिपरू शमिकाने नीट आवळलंय, पण खात्री मी देणार नाही.

तेव्हा बैठक नको, दौरा नको, खुलासा नको. केरूबुवांसारखा मी एकच प्रश्न विचारतो, सरळ. शमिकाला माझ्याकडे पाठवणार की नाही?

बोला साहेब. उजवी की डावी?